खंडेनवमीची शिडी

पंचफुला आसेगावाहून नवमीच्या आदल्या दिवशीच येऊन बसली, तेव्हाच शालिग्रामला काय ते कळायला हवं होतं. लेक माहेरी यायची ती दसऱ्याचं सोनं लुटायला. शेतात कापूस फुटायला आलेला असताना सासू तिला दोन दिवस अगोदर सोडेल, हे होणं नव्हतं. पण शालिग्रामनं त्याचा भलताच अर्थ घेतला. पोरीला बापाची आठवण आली म्हणून तो दिवसभर खुशीत होता. तिच्या दमणीच्या बैलांना त्यानं स्वतःच्या हातानं कडबा टाकला आणि गाडीवानाला दोनदा चहा पाजला.

तिला बोलावलं होतं जगदेवनं. थोरला भाऊ एवढा निरोप धाडतो म्हणजे काहीतरी अडलं असणार, असं धरून ती आली. अडलं होतं ते बापाचं म्हातारपण. तसं ते सगळ्या घराचंच अडलं होतं, पण बोलून दाखवायची हिंमत गेल्या दिवाळीपासून कोणाची झाली नव्हती.

वाशीमात तोवर काचेच्या खिडक्या बऱ्याच झाल्या होत्या. कापसाच्या जिनवाल्या शेठची माडी होती, डाकबंगला होता, कचेरी, स्टेशन. शिवाय बालाजीच्या देवळातल्या काचेच्या हंड्या. काचा बसवणारे मिस्त्री अकोल्याकडून यायचे आणि जायचे, पुसणारा मात्र गावात एकच होता, शालिग्राम काचवाला. चाळलेली राख, लिंबाचं पाणी, जुन्या धोतराचे फडके आणि एक बांबूची शिडी, एवढ्यावर त्यानं तीन लेकरं वाढवली. त्याला कोणी नोकरीला ठेवलं नव्हतं, म्हणून कोणी काढूही शकत नव्हतं. जगदेव स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होता. अमुक वय झालं की सरकार हातात नारळ देऊन आपल्याला घरी पाठवणार, हे त्याला आजच ठाऊक होतं. पण आपला हात जगन्नाथ म्हणणाऱ्या बापाला नारळ द्यायचा कोणी?

घरात एक रिवाज होता, आणि तो शालिग्रामनंच घातलेला. खंडेनवमीला अवजारांची पूजा व्हायची. त्या दिवशी जे पाटावर चढलं, ज्याला हळदकुंकू लागलं, तेच अवजार वर्षभर हातात धरायचं. जे चढलं नाही त्याला पुढच्या नवमीपर्यंत शिवायचं नाही, मग ते साधं फडकं का असेना. एका वर्षी राख चाळायची चाळणी पाटावर ठेवायची राहिली, तर त्यानं वर्षभर शेजारणीची चाळणी मागून आणली होती. पूजा झाली की शिडी अंगणाच्या फाटकाला लावायची, त्यानं चढून वरच्या आडव्या बल्लीला झेंडूचं तोरण लावायचं, आणि खाली बायकोनं, तुळसाबाईनं, शिडी धरायची. तो दिवाळीच्या कामाचा मुहूर्त.

म्हणजे जगदेवला जे काही करायचं ते शिडीला हळदकुंकू लागायच्या आत करायला हवं होतं.

सकाळी चहा झाल्यावर त्यानं घसा खाकरला. धाकटा इंद्रभान जिनातून सुटी काढून आला होता, तो भिंतीला टेकून बसला. पंचफुला चुलीपाशी आईजवळ.

"बावा, औंदा शिडी पाटावर ठेवू नका," जगदेव म्हणाला.

"काहून? शिडीनं काय केलं?"

"शिडीनं नाई, तुमच्या पायानं केलं. गेल्या दिवाळीले माडीवरून घसरले. चौकट हाती लागली म्हनून वाचले."

"घसरला पाय. मंग? रस्त्यानं जाता जाता बी घसरते. मानूस चालनं सोडते काय?"

इंद्रभाननं मधला रस्ता काढून पाहिला. त्याला भावासारखं कायद्यानं बोलता येत नसे. तो म्हणाला, बावाला वर चढायची हौस आहे तर चढू दे, पण खाली आपण उभं राहतो. मायचंही वय झालं, तिला कशाला उन्हात ताटकळत ठेवायचं. बोलणं इतकं सरळ होतं की जगदेवलाही पटत आलं होतं.

शालिग्रामचा आवाज एकदम चढला. "शिडी तुही माय धरन. दुसरा कोनी नाई."

पुढे तासभर बोलणं झालं, पण या दोन वाक्यांच्या पलीकडे कोणी सरकलं नाही. शेठच्या घरी दिवाळीनंतर लग्न होतं आणि शालिग्राम माडीच्या सगळ्या काचांचा शब्द देऊन बसला होता. जगदेवनं शब्द परत घ्यायला सांगितलं. शालिग्रामनं विचारलं की शब्द काय मालधक्क्यावरचं पोतं आहे, उतरवला आणि परत चढवला? एवढं औंदाचं होऊ दे, मग पुढच्या साली पाहू, असंही तो मध्येच म्हणाला, पण हे तो गेली कितीतरी वर्षं म्हणत आला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं पुटपुटत जगदेव उठला आणि जाता जाता बहिणीला खुणावून गेला. तुझ्यापुढं त्याचं चालत नाही, तू जा, रडावं लागलं तर रड.

पंचफुलाचं लक्ष त्या वेळी वेगळीकडेच होतं. आई भाकरी थापत होती आणि भाकरीची कड सारखी फुटत होती. तुळसाबाईची भाकरी म्हणजे साऱ्या आळीत नावाजलेली. एक फुटली, दुसरी फुटली. तिसऱ्या वेळी आईनं पीठ मुकाट्यानं लेकीपुढे सरकवलं आणि म्हणाली, "तू कर वो. मले धूर लागून राह्यला."

चुलीला तेव्हा धूर नव्हता. पंचफुलानं भाकऱ्या थापल्या आणि काही विचारलं नाही. उजव्या हाताची बोटं आई सारखी पदराखाली चोळत होती, ते तिनं पाहून घेतलं.

मग ती मागच्या पडवीत गेली. शालिग्राम अवजारं मांडून बसला होता. शिडीचे वेताचे बंध नव्यानं आवळलेले, फडके धुऊन घड्या घातलेले. लेकीला पाहून तो सरकला आणि तिला जागा करून दिली. तिला लहानपणची पडवी आठवली. बाप काम करून यायचा तेव्हा त्याच्या अंगाला लिंबाचा वास यायचा, आणि जिनाचा हंगाम असला तर भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. ते निवडून काढायचं काम तिचं. तिचा आता रडायचा विचार नव्हता, पण रडू आपोआपच यायला लागलं, आणि ते लपवायला म्हणून तिनं फडक्यांची चळत उचलून नीट करायला घेतली.

चळतीखाली दोर निघाला. नवाकोरा अंबाडीचा दोर, एका टोकाला लोहाराकडून घडवून आणलेला लोखंडी आकडा.

"हे काय हाय, बावा?"

शालिग्रामनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शिडीचं वरचं टोक खिडकीच्या गजाले बांधाले. मंग खालून सुटली तरी हालत नाई."

पंचफुला त्याच्याकडे पाहत राहिली. या माणसानं उभ्या जन्मात शिडीला दोर बांधला नव्हता. दोर लावून चढणाऱ्या अकोल्याच्या मिस्त्र्यांना तो हसायचा. खाली धरणारा आपला असला की दोर कशाला, हे त्याचं बोलणं ती पाळण्यापासून ऐकत आली होती. आणि तिच्या डोळ्यांपुढं फुटलेल्या कडांच्या भाकऱ्या आल्या.

"बावा, तवा पाय घसरलाच नोता."

फडक्याची घडी त्यानं मोडली आणि पुन्हा घातली.

"मायच्या हातातून सुटली शिडी."

"तिले सांगू नको," शालिग्राम म्हणाला. "तिले वाटते मले ठाव नाई. म्या साऱ्या गावाले पाय म्हनून सांगतलं, तेच राहू दे. आता या सालीच बसलो घरी, तर तिच्या मनात जन्मभर राहीन का आपल्या हातानं याइचं काम गेलं. एक दिवाळी धड होऊ दे. तिनं शिडी धरली आन् मी धड उतरलो, एवढं झालं का मंग मीच म्हनतो पुरे."

पंचफुला गेली होती बापाला समजवायला आणि परत आली ती त्याची बाजू घेऊन. ओसरीवर जगदेव वाट पाहत होता. ती म्हणाली, दादा, चढू द्या त्याले. जगदेवनं कपाळाला हात लावला. आसेगावाहून माणूस बोलावला तो घरचा वकील म्हणून, आणि तो निघाला विरुद्ध पक्षाचा. तो इंद्रभानकडे वळला, तर इंद्रभान म्हणाला की ताईनं विचार करूनच म्हटलं असेल. जगदेवनं ओसरीवर दोन येरझाऱ्या घातल्या आणि मग नाद सोडला. लहान असताना बाप शिडीवर चढला की तो डोळे मिटून घ्यायचा. तेव्हा कोणाला कळलं नव्हतं आणि आता या वयात सांगता येत नव्हतं. आजची सगळी वकिली त्या मिटलेल्या डोळ्यांची होती.

राहिली तुळसाबाई. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, कारण ती नवऱ्याच्याच बाजूची असणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

तिनं शिडी धरली ती लग्नाच्या पहिल्याच वर्षी. त्या आधी शालिग्रामबरोबर युसूफ मिस्त्री असायचा. शेठच्या माडीला लाल, हिरव्या, पिवळ्या काचा त्यानंच बसवल्या आणि शालिग्रामला पुसायचं काम त्यानंच लावून दिलं. पुढे गुडघे धरले म्हणून युसूफ मंगरूळला लेकीकडे राहायला गेला. त्याच्या जागी मजुरीनं ठेवलेला माणूस ऐन दिवाळीच्या तोंडावर पळाला, तेव्हा तुळसाबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि पिशवी उचलून ती चालू लागली. बाई माणूस भर रस्त्यात शिडी धरून उभी, म्हणून गाव महिनाभर हसलं. सासूनं तर दोन दिवस अन्न टाकलं. मग गावाला दुसरं हसायला मिळालं आणि सासूला भूक लागली.

युसूफ मुद्दाम दमणी करून तिला बघायला आला होता. त्यानं एकच गोष्ट शिकवली. तो म्हणाला, "बाई, वरच्याले काच दिसते, जमीन दिसत नाई. जमीन तुले दिसते. म्हनून तू उतर म्हनलं का त्यानं उतरायचं, काहून म्हनून इचारायचं नाई. इचारत बसला तो पडला."

नवऱ्याला 'उतरा' म्हणायचा हक्क वाशीमातल्या दुसऱ्या कोणत्या बायकोला होता? तुळसाबाईनं तो फार जपून वापरला. एकदा डाकबंगल्याच्या वळचणीला गांधीलमाश्या उठल्या तेव्हा, एकदा शिडीखालची जमीन पावसानं खचली तेव्हा, आणि शिरपूरच्या देवळात हंड्या पुसताना तो तापानं फणफणला होता तेव्हा. प्रत्येक वेळी तो हातातला फडका तसाच ठेवून खाली आला, आणि कारण नंतर विचारलं.

एवढी वर्षं तिनं पाहिले ते त्याचे तळपाय. टाचेची कोणती भेग कोणत्या थंडीतली, हे तिला सांगता आलं असतं. आणि त्यानं पाहिल्या त्या खोल्या. रात्री जेवताना तो तिला सांगायचा. शेठच्या माडीत आरसा भिंतीएवढा आहे, शेठाणी त्याच्यापुढं न बसता दाराआड बसून वेणी घालते. डाकबंगल्यातला साहेब एकटाच जेवतो आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. लाल काचेतून पाहिलं तर शेठचा मुनीम नवरदेवासारखा दिसतो. ती घास हातात धरून ऐकायची. तिच्या आयुष्यात तिनं जेवढं काही पाहिलं त्यातलं निम्मं असं ऐकून पाहिलेलं होतं, आणि ते दिवस फार सुखाचे होते.

बोटांतली जाणीव कमी व्हायला लागली ती दोन वर्षांमागे. धरलेली वस्तू धरली आहे की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागायचं. गेल्या दिवाळीला ती क्षणभर रस्त्याकडे बघत होती, आणि शिडी गेली. त्यानं सगळ्यांना पाय सांगितला. ती वर्षभर वाट पाहत होती, तो आज विचारेल, उद्या विचारेल. त्यानं विचारलं नाही तेव्हा तिनं मनाची समजूत घातली की त्याला खरंच कळलं नसावं. आणि आपण सांगितलं तर तो शिडी टेकवून ठेवील आणि पुन्हा कधी कुठली खोली सांगणार नाही, या भीतीनं तीही बोलली नाही.

दुपारी पूजा मांडली. शिडी पाटाला टेकवून आडवी ठेवली, चाळणी, बादली, फडके पाटावर. शालिग्रामनं नारळ फोडला. हळदकुंकवाचं काम तुळसाबाईचं. शिडीच्या पायाला लावलं, बादलीला लावलं. फडक्यांना लावायला ती वाकली, तेव्हा शालिग्राम घाईनं म्हणाला, "वरूनच लाव वो. घडी मोडन."

इतका धूर्त माणूस, आणि फसला तो स्वतःच्या रिवाजात. दोर पाटावर ठेवला नसता तर वर्षभर वापरता आला नसता, आणि ठेवला तर बायकोच्या हाताखालून जाणार होता. म्हणून त्यानं तो फडक्यांखाली सरकवला होता. पण तुळसाबाईनं कधी एका फडक्यालाही हळदकुंकवावाचून ठेवलं नव्हतं. तिनं घडी उचलली.

दोर आणि आकडा. तिनं दोन्हीकडे नीट पाहिलं. पंचफुलानं बापाकडे पाहिलं. जगदेवला मात्र काही कळलं नाही, त्याला वाटलं आईला नवी वस्तू आवडली. तुळसाबाईनं दोराला हळद लावली, आकड्याला कुंकू लावलं आणि घडी होती तशी ठेवून दिली.

मग शालिग्रामनं शिडी उचलून फाटकाला लावली. तोरण खांद्यावर टाकलं. तुळसाबाई येऊन खाली उभी राहिली, दोन्ही हातांनी बांबू धरले आणि धरले आहेत हे डोळ्यांनी पाहून घेतलं. तो चढला. एक पायरी, दुसरी. त्याचे तळपाय तिच्या डोळ्यांसमोर आले. तो तिसरीवर पाय टाकत होता.

"उतरा जी," तुळसाबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. शालिग्रामचा पाय हवेत थांबला. अंगणात सगळे जागच्या जागी उभे होते. जमीन खचली नव्हती, माशा नव्हत्या, ताप नव्हता. त्यानं खाली पाहिलं नाही. पाय मागे घेतला, आणि एक एक पायरी उतरून तिच्याशेजारी जमिनीवर उभा राहिला, खांद्यावर तोरण तसंच.

नवल असं की पहिला बोलला तो जगदेव. सकाळपासून ज्याच्यासाठी भांडला ते हाती आलं, तर त्याला ते सोसवेना. "असं काहून, माय? मुहूर्ताचं तोरन हाय. एवढं तरी लावू दे त्याइले."

"खालच्यानं म्हनलं," शालिग्राम त्याला म्हणाला. "वरच्यानं इचारायचं नसते."

मग तो बायकोकडे वळला. उतरल्यावर कारण विचारायची मुभा होती, आणि इतकी वर्षं त्यानं ते विचारलं होतं. आज त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तुमाले ठाव होतं," ती म्हणाली.

"हाव."

"वर्षभर?"

"चौकट धरली तवाच. मानसाच्या आधी शिडी गेली." त्यानं तोरण खांद्यावर सारखं केलं. "शेठले सांगतो. इंद्रभानले घेऊन जाईन म्हनतो, तो पुसन, मी खालून दावीन कोठी डाग राह्यला ते."

इंद्रभाननं मान डोलावली. त्याला वर चढायची हौस मुळीच नव्हती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती, एवढी समज त्याला होती.

तोरण राहिलंच होतं. झेंडू खांद्यावर सुकायला लागला होता. जगदेव पुढे झाला, पण शालिग्रामनं त्याला बाजूला केलं, तोरण काढून तुळसाबाईच्या हातात दिलं आणि शिडीच्या मागे जाऊन दोन्ही बांबू धरले.

"चढ," तो म्हणाला. "खियाले अडकवायचं हाय नुसतं. चारच पायऱ्या. मी धरतो."

तुळसाबाईनं शिडी इतकी वर्षं धरली, पण चढली कधी नव्हती. पंचफुला हसू लागली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. तुळसाबाईनं काष्टा घट्ट केला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. शालिग्रामला तिचे तळपाय दिसले. हळदीचे, भेगाळलेले, त्यानं कधी नीट न पाहिलेले. तिनं तोरणाचा फास खिळ्यावर टाकला, तो निसटला, पुन्हा टाकला. दुसऱ्या वेळी बसला.

तिचं डोकं फाटकाच्या वर गेलं होतं. पलीकडे आळीची कौलं, त्यांच्या पलीकडे तळं, आणि तळ्यापार शेठची माडी. दिवस कलला होता आणि उन्हात तिच्या साऱ्या काचा पेटल्या होत्या, लाल, हिरव्या, पिवळ्या. खालून, रस्त्यावरून, तिनं त्या हजारदा पाहिल्या होत्या. इतक्या लांबून आणि इतक्या एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. वर्षाची धूळ होती त्यांच्यावर, तरी त्या अशा दिसत होत्या.

"झालं ना?" शालिग्राम खालून म्हणाला. "उतर आता."

ती हलली नाही.

"अवो, उतर म्हनलं ना."

"थांबा जी जराकसं," तुळसाबाई म्हणाली. "पाहून राह्यली मी."

नियम मोडला गेला होता आणि तो मोडणारी तीच होती. शालिग्रामनं पाय नीट रोवले आणि ती पाहत होती तोवर शिडी धरून उभा राहिला.